ठासणीची बंदूक

ठासणीची बंदूक (विदर्भात रूढ नाव भरमार बंदूक किंवा नुसते भरमार) हे नळीच्या तोंडाकडून भरले जाणारे एकबारी अग्निशस्त्र आहे. यात दारू, बोळा आणि गोळी किंवा छर्रे नळीत एकामागून एक टाकून गजाने ठासले जातात. एक बार उडाल्यावर ही सर्व क्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तयार काडतूस वापरणाऱ्या बंदुकीत दारूचे माप आणि गोळीचा आकार कारखान्यात ठरतो. ठासणीच्या बंदुकीत मात्र प्रत्येक बार हाताने भरला जात असल्याने नेमाची अचूकता बंदुकीइतकीच भरणीवरही अवलंबून असते.

महाराष्ट्रात ही बंदूक प्रामुख्याने दोन भागांत आढळते. कोकण व त्यालगतच्या घाटमाथ्यावर ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगली जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत ती पीकराखण, अवैध शिकार आणि नक्षलवादी चळवळ या तिन्ही संदर्भांत चर्चेत येते.

## नाव व शब्दार्थ

'ठासणे' म्हणजे दाबून भरणे. ज्या गजाने दारू व गोळी दाबली जाते त्याला 'ठासणी' म्हणतात आणि त्यावरूनच बंदुकीला हे नाव पडले. 'भरमार' हा हिंदीतून आलेला शब्द असून 'भरा आणि मारा' असा त्याचा सरळ अर्थ सांगितला जातो. पोलीस व वनखात्याच्या पंचनाम्यांत आणि विदर्भातील वृत्तपत्रांत हाच शब्द प्रचलित आहे. तांब्याच्या टोपीने पेटणाऱ्या प्रकाराला 'टोपीदार' किंवा 'टोपीची बंदूक' असेही म्हणतात.

एका वेळी भरलेल्या दारूगोळ्याला आणि तो उडण्याच्या क्रियेलाही 'बार' असा एकच शब्द आहे. 'बार फुसका जाणे' आणि 'ठासून भरलेला' हे वाक्प्रचार या शस्त्राच्या वापरातून बोलीत आले आहेत. काने पेटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक दारूला 'रंजक' म्हणत.

## रचना

बंदुकीचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत :

* नळी : मागील टोक बंद असलेली लोखंडी किंवा पोलादी नळी. बहुतेक बंदुकांत ती आतून गुळगुळीत असते. काही बंदुकांत आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. अशा बंदुकीस रायफल म्हणतात.
* काना : नळीच्या मागील टोकाजवळचे बारीक छिद्र. यातून ठिणगी आतील दारूपर्यंत पोहोचते.
* घोडा व चाप : चाप ओढल्यावर घोडा आपटतो आणि प्रज्वलन होते.
* दस्ता : खांद्याला टेकवण्याचा लाकडी भाग.
* ठासणी : नळीखालील खोबणीत ठेवलेला लाकडी किंवा धातूचा गज.
* माशी : नळीच्या तोंडाजवळचा नेम धरण्यासाठीचा उंचवटा.

नळीचे माप 'बोअर' या जुन्या एककात सांगतात. एक पौंड शिशापासून नळीच्या व्यासाच्या जितक्या गोल गोळ्या होतील तितका त्या नळीचा बोअर. त्यामुळे आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो आणि त्या व्यासाची शिशाची गोळी सुमारे ३८ ग्रॅम भरते. १६ बोअरसाठी हेच आकडे सुमारे १६.८ मिलिमीटर व २८ ग्रॅम आहेत.

## प्रज्वलनाचे प्रकार

तोड्याची बंदूक हा सर्वांत जुना प्रकार आहे. यात सतत धुमसत ठेवलेली सुताची वात, म्हणजे तोडा किंवा जामगी, कान्याजवळच्या रंजकेवर टेकवली जाई. पावसात ती विझे आणि रात्री तिच्या निखाऱ्यामुळे नेमबाजाची जागा उघड होई.

चकमकीच्या बंदुकीत घोड्यात धरलेला गारगोटीचा तुकडा पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडतो. कसलेला सैनिक अशा बंदुकीतून मिनिटाला दोन ते तीन बार काढू शकत असे.

टोपीच्या बंदुकीत आघाताने पेटणाऱ्या रसायनाची छोटी तांब्याची टोपी कान्यावरील बोंडीवर बसवली जाते. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने प्रज्वलन करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढील दोन दशकांत त्यातून टोपी विकसित झाली. दमट हवेतही बार सहसा चुकत नसल्याने हा प्रकार सर्वत्र पसरला. भारतात आज परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतांशी याच प्रकारच्या आहेत.

## इतिहास

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांबरोबर तोड्याच्या बंदुका भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. उत्तरेत १५२६ च्या पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराच्या सैन्याने त्यांचा परिणामकारक वापर केला. मराठ्यांच्या पायदळात बरकंदाज म्हणजे बंदूकधारी सैनिक असत आणि किल्ल्यांच्या तटांवर 'जेजाला' नावाच्या लांब, जड बंदुका ठेवल्या जात. १७६१ मध्ये पानिपतच्या तिसऱ्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पाश्चात्त्य धर्तीच्या कवायती बंदुकांनिशी लढल्या. महादजी शिंदे यांनी द बॉइन याच्या हाताखाली उभारलेल्या पलटणींसाठी आग्रा येथे बंदुका तयार होत असत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खाचांच्या नळीची एन्फिल्ड रायफल (नमुना १८५३) ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. तीही तोंडाकडूनच भरली जाई. दारू व गोळी कागदी पुडीत एकत्र बांधलेली असे आणि ती पुडी दातांनी फाडून नळीत रिकामी करावी लागे. या पुडीला गाय व डुकराची चरबी लावल्याच्या समजातून पसरलेला असंतोष हे १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण मानले जाते. उठावानंतर देशी पलटणींना खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. नेमबाजीतील फरक हा त्या काळी राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सत्तेचा प्रश्न होता, हे यातून दिसते.

१८६६ पासून मागून भरण्याच्या स्नायडर आणि १८७१ पासून मार्टिनी-हेन्री या एकबारी रायफली ब्रिटिश सैन्यात आल्या. धातूच्या काडतुसामुळे ठासणीची गरज संपली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूररहित दारूचा शोध लागल्यावर ठासणीची बंदूक लष्करी उपयोगातून कायमची बाद झाली. ग्रामीण भागात मात्र ती टिकून राहिली. तिला काडतूस लागत नाही आणि ती गावपातळीवर दुरुस्त करता येते, ही त्याची मुख्य कारणे होत.

## भरणी आणि अचूकता

### बाराचे घटक

काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण असते. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपात उरतो. दाट पांढरा धूर आणि नळीतील काजळी ही त्याचीच रूपे होत. दाण्याचा आकार ज्वलनाचा वेग ठरवतो. बारीक दाणा लवकर आणि भरड दाणा सावकाश जळतो.

दारूवर कापड, कागद किंवा नमद्याचा बोळा बसवतात. त्यामुळे वायू गोळीच्या कडेने निसटत नाही. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागते, अन्यथा काजळी धरलेल्या नळीत ती उतरत नाही. मात्र हा फरक जास्त असला तर गोळी नळीच्या भिंतींवर आपटत पुढे सरकते आणि बाहेर पडताना शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला जाते. गुळगुळीत नळीचा नेम सुमारे ५० ते ७५ मीटरपलीकडे भरवशाचा राहत नाही, याचे हे मुख्य कारण आहे. गोळीभोवती तेल लावलेली कापडी चकती गुंडाळली की ही पोकळी भरते. खाचांच्या नळीत हीच चकती खाचांना धरून गोळीला फिरकी देते. फिरणारी गोळी आपली दिशा टिकवून ठेवते.

### सातत्याचे महत्त्व

एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत गोळीचा वेग बदलला तर ती लक्ष्यावर वेगळ्या उंचीला लागते. हवेचा रोध बाजूला ठेवून केलेली पुढील गणना हा परिणाम दाखवते :

* सेकंदाला ४०० मीटर वेगाची गोळी ५० मीटर अंतर ०.१२५ सेकंदात कापते आणि तेवढ्या वेळात सुमारे ८ सेंटिमीटर खाली येते.
* सेकंदाला ३०० मीटर वेगाची गोळी तेच अंतर ०.१६७ सेकंदात कापते आणि सुमारे १४ सेंटिमीटर खाली येते.
* १०० मीटरवर हेच आकडे अनुक्रमे सुमारे ३१ आणि ५४ सेंटिमीटर होतात.

म्हणजे ५० मीटरवर वेगातील या फरकाने ६ सेंटिमीटरची चूक होते, तर दुप्पट अंतरावर ती जवळपास २४ सेंटिमीटरवर जाते. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने घटत असल्याने प्रत्यक्षातील घसरण याहून अधिक असते. त्यामुळे अंदाजाने मूठभर दारू ओतणाऱ्याचा नेम उत्तम बंदुकीनेही चुकतो आणि ठरावीक मापाने भरणाऱ्याला साध्या बंदुकीतूनही बरा नेम साधता येतो.

### भरणीची चाचणी

नेमबाजीच्या क्रीडेत एखाद्या बंदुकीला मानवणारी भरणी पद्धतशीर चाचणीने शोधली जाते. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच भरणीचे पाच किंवा अधिक बार एकाच बिंदूवर नेम धरून काढतात आणि छिद्रांचा पसारा मोजतात. एका वेळी एकच घटक बदलला जातो : दारूचे माप, चकतीची जाडी किंवा गोळीचा व्यास. दोन घटक एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. छिद्रे लक्ष्यापासून दूर, पण एकत्र पडली असतील तर भरणी चांगली असून केवळ माशी दुरुस्त करावी लागते. छिद्रे विखुरलेली असतील तर दोष भरणीत, नळीत किंवा नेमबाजात शोधावा लागतो. प्रत्येक बारानंतर नळी पुसल्यास काजळीचा परिणाम सारखा राहतो.

दारू वाढवत गेल्याने अचूकता वाढतेच असे नाही. ठरावीक मर्यादेनंतर जादा दारू न जळता नळीबाहेर फेकली जाते, धक्का वाढतो आणि पसारा रुंदावतो. निर्मात्याने ठरवून दिलेली कमाल मर्यादा ओलांडणे जीवघेणे ठरू शकते.

एकबारी काडतुसी रायफलीसाठी हाताने काडतुसे भरणारे नेमबाजही याच तत्त्वाने काम करतात. वापरलेले पितळी कवच मूळ मापात आणून त्यात नवी टोपी, तोललेली दारू आणि गोळी बसवली जाते. फरक इतकाच की तेथे भरणी घरी मेजावर होते आणि ठासणीच्या बंदुकीत ती प्रत्येक बाराआधी नळीतच करावी लागते.

### जेम्स फोर्साइथ यांचे प्रयोग

मध्य प्रांतात नेमणुकीवर असलेले ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी १८६० च्या दशकात शिकारी रायफली व त्यांच्या गोळ्या या विषयावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या अनेक रायफलींत खाचांची फिरकी जलद असे. अशा नळीत दारू वाढवली की गोल गोळी खाचा सोडून घसरे आणि नेम बिघडे. त्यामुळे दारू कमी ठेवावी लागे, गोळीचा मार्ग कमानदार होई आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बार वाया जाई. फोर्साइथ यांनी याच्या उलट मांडणी केली. फिरकी अतिशय मंद, म्हणजे १४ बोअरच्या नळीत सुमारे १०४ इंचांत एक फेरा, एवढी ठेवली तर भरपूर दारू घालूनही गोळी खाचा सोडत नाही आणि जंगलातील नेहमीच्या अंतरात तिचा मार्ग जवळजवळ सरळ राहतो. नळीची लांबी याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने गोळी नळीत अर्धा फेराही पूर्ण करत नाही. मध्य भारताच्या जंगलांवरील त्यांचा दुसरा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मंद फिरकीच्या खाचा आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

## चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत

### पार्श्वभूमी

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा ब्रिटिश अमलाखाली आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी येथे उठाव केला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आली. याच काळात देशभर शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घालणारे कायदे झाले आणि १८७८ च्या कायद्याने परवाना पद्धत पक्की केली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन अस्तित्वात आला.

या भागातील गोंड व माडिया समाजांत सामूहिक पारधीची जुनी परंपरा असून धनुष्यबाण, जाळी व फासे ही तिची मूळ साधने होत. बंदूक त्यात नंतर आली.

### पीकराखण

धान हे गडचिरोली व पूर्व चंद्रपूरचे मुख्य पीक आहे. शेते जंगलाला लागून असल्याने रानडुक्कर, चितळ व नीलगायींपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी माचाणावर बसून रात्री जागल करतात. आवाज करून जनावरे पळवणे हा बंदुकीचा एक उपयोग आहे. प्रत्यक्ष गोळी झाडण्यासाठी मात्र वनखात्याची परवानगी लागते. अलीकडे सौर कुंपण हा पर्याय पुढे आला असून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत त्यासाठी साहाय्य दिले जाते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल राज्य शासन भरपाई देते.

### नक्षलवाद आणि शस्त्रसमर्पण

१९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ या प्रदेशात शिरली. तिच्या खालच्या फळीतील सदस्यांकडे व गावपातळीवरील जनमिलिशियाकडे भरमार बंदुका असत. त्यामुळे चकमकीनंतर जप्त होणाऱ्या शस्त्रांच्या यादीत स्वयंचलित रायफलींबरोबर भरमारचा उल्लेख सातत्याने आढळतो. याचा ताण सामान्य ग्रामस्थांवरही पडला. घरात वडिलोपार्जित, पण विनापरवाना बंदूक असणे म्हणजे एकीकडे ती नक्षलवाद्यांनी मागून नेण्याची आणि दुसरीकडे शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंद होण्याची भीती. गडचिरोली पोलीस दलाच्या आवाहनानंतर अनेक गावांतील नागरिकांनी अशा बंदुका स्वेच्छेने पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

### आयुध निर्माणी

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे चांदा आयुध निर्माणी हा केंद्र सरकारचा मोठा दारूगोळा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणेस्थित सरकारी कंपनीचा भाग आहे. हा कारखाना सैन्यदलांसाठी दारूगोळा भरतो. ठासणीच्या बंदुकीशी त्याचा संबंध नाही. राज्यात लहान शस्त्रांची काडतुसे खडकी (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे तयार होतात.

## कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यानुसार ठासणीची बंदूकही अग्निशस्त्र असून ती बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात आणि पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात तो पोलीस आयुक्त देतात. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशी बंदूक पुरेशी ठरणार नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तरच त्या कामासाठी गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देता येते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत पाच वर्षे केली आणि शिक्षा वाढवल्या. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. ती विनापरवाना बनवल्यास किमान सात वर्षे व कमाल जन्मठेपेची तरतूद आहे. काळ्या दारूची निर्मिती, साठवण व विक्री विस्फोटक अधिनियम, १८८४ व त्याखालील नियमांच्या कक्षेत येते. याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे. कलम ११ खाली माणसास किंवा पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरलेल्या विशिष्ट प्राण्यांबाबत प्राधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतात. कलम ३४ या दोन जिल्ह्यांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास वनखात्याकडे नोंदणी करावी लागते आणि या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. ताडोबा-अंधारी, घोडाझरी, कन्हारगाव, चपराळा व भामरागड ही संरक्षित क्षेत्रे याच दोन जिल्ह्यांत असल्याने अनेक गावे या पट्ट्यात मोडतात.

## धोके

* नळी फुटणे : गावठी बंदुकांची नळी अनेकदा साध्या लोखंडी पाइपपासून केलेली असते. ती दारूचा दाब सहन करेलच याची खात्री नसते. धूररहित दारू काळ्या दारूऐवजी वापरल्यास दाब कित्येक पटींनी वाढून चांगली नळीही फुटू शकते.
* अर्धवट ठासणी : गोळी दारूवर नीट न बसता मध्ये पोकळी राहिल्यास ती नळीतील अडथळ्यासारखी वागते आणि नळी फुगते किंवा फुटते. ठासणीवर भरणीची खूण करून गोळी पूर्ण उतरल्याची खात्री केली जाते.
* दुबार भरणी : बार भरलेला आहे हे विसरून दुसरा भरला जाणे. भरलेली बंदूक घरात टांगून ठेवण्याच्या सवयीमुळे हा धोका वाढतो.
* उशिरा उडणारा बार : टोपी वाजूनही दारू लगेच न पेटता काही क्षणांनी पेटू शकते. म्हणून बार चुकल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे लागते.
* जखमी जनावर : अचूकतेअभावी प्राणी जागीच न मरता जखमी होऊन जंगलात शिरतो. जखमी रानडुक्कर माणसावर चाल करून येते.
* शिसे : मृत जनावराच्या शरीरात राहिलेले शिशाचे कण ते खाणाऱ्या गिधाडादी पक्ष्यांना विषारी ठरतात.

## क्रीडाप्रकार

ठासणीच्या बंदुकांची नेमबाजी हा अनेक देशांत मान्य क्रीडाप्रकार आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समिती त्याच्या जागतिक स्पर्धा घेते. स्पर्धकाला साधारणतः ३० मिनिटांत १३ बार काढता येतात आणि त्यांतील सर्वोत्तम दहांचे गुण धरले जातात. मूळ ऐतिहासिक बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती असे वेगवेगळे गट असतात. दारू आधी मोजून छोट्या नळ्यांत भरून आणावी लागते. दारूच्या भांड्यातून थेट नळीत ओतण्यास सुरक्षेच्या कारणास्तव मनाई असते.

## हेही पाहा

* बंदूक
* काडतूस
* बाबूराव शेडमाके
* ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
* शस्त्र अधिनियम, १९५९
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२